बुरखा-हिजाब बंदीचा वाद

बुरखा-हिजाब बंदीचा वाद : मुस्लिम स्त्रिया धर्मश्रद्धेने वा रूढीने जो वेश वापरतात, त्यावर शाळा, महाविद्यालय, परीक्षा केंद्र, रस्ता अशा सार्वजनिक ठिकाणी शासनाने किंवा संस्थेने बंदी घालावी की नाही, याविषयीचा वाद. सार्वजनिक जागी असा वेश सरसकट निषिद्ध ठरवणारा कायदा भारतात नाही. त्यामुळे महाराष्ट्रात हा वाद मुख्यत्वे शिक्षणसंस्थांच्या गणवेशविषयक नियमांभोवती आणि राजकीय मागण्यांभोवती फिरत राहिला आहे.

वेश व संज्ञा : ‘हिजाब’ म्हणजे केस, कान व मान झाकणारा रुमाल असून त्यात चेहरा उघडा राहतो, ‘नकाब’ डोळ्यांखालचा चेहरा झाकतो, तर ‘बुरखा’ म्हणजे अंगभर घालायचा झगा, ज्यासोबत बहुधा नकाबही असतो. कुराणातील अन्-नूर या सूरेत (24:31) ओढणी छातीवरून घेण्याचा आणि अल्-अहजाब या सूरेत (33:59) बाहेर पडताना अंगावर वस्त्र ओढून घेण्याचा आदेश आहे. मात्र त्यातून चेहरा झाकणे बंधनकारक ठरते काय, यावर धर्मशास्त्रज्ञांतही एकमत नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात अनेक मुस्लिम स्त्रिया साडी नेसून डोक्यावर पदर घेतात, तेव्हा बुरखा हा सर्व मुस्लिम स्त्रियांचा एकच एक वेश मानणे वस्तुस्थितीला धरून नाही.

नगरचा संदर्भ : पडद्याच्या चर्चेत अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) नाव इतिहासामुळे येते. अकबराचा पुत्र मुराद याने 1595 च्या अखेरीस नगरच्या किल्ल्याला वेढा घातला आणि सुरुंगाने तट फोडला, तेव्हा हुसेन निजामशहाची कन्या व विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबीबी चेहऱ्यावर पडदा घेऊन, हाती नंगी तलवार धरून खिंडाराशी उभी राहिली आणि तिने रातोरात तट पुन्हा उभारून घेतला, असे वर्णन इतिहासकार फरिश्ता याने केले आहे. या प्रसंगाने पडदापद्धतीचे समर्थन होत नाही. परंतु पडद्यातली स्त्री म्हणजे कर्तृत्वशून्य स्त्री, हे गृहीतक मात्र त्याने टिकत नाही.

धर्मस्थळ, स्त्री आणि नियम यांचा संघर्ष याच जिल्ह्यात अलीकडेही दोनदा गाजला. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना असलेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 8 एप्रिल 2016 रोजी उठली. पुढे डिसेंबर 2020 मध्ये शिर्डीच्या साईबाबा संस्थानाने भाविकांनी भारतीय संस्कृतीला साजेसा वेश करून यावे असे फलक लावले. त्याला विरोध करण्यासाठी निघालेल्या भूमाता ब्रिगेडच्या तृप्ती देसाई यांना पोलिसांनी जिल्ह्यातच सुपे येथे अडवले. फलक म्हणजे सक्ती नसून आवाहन आहे, असा खुलासा संस्थानाने केला. बाईने काय घालावे हे बाईखेरीज इतरांनी ठरवण्याची सवय एका धर्मापुरती नाही, हे या उदाहरणावरून दिसते.

महाराष्ट्रातील खटले : मुंबईतील कुर्ला येथील एका विद्यार्थिनीला शाळेत डोक्याला रुमाल बांधण्यास मनाई झाली, त्या खटल्यात (निर्णयसंग्रहात प्रसिद्धी 2003) उच्च न्यायालयाने, मुलींच्याच वर्गात रुमाल न बांधल्याने धर्माज्ञेचा भंग होत नाही, असे म्हणून शाळेची बाजू घेतली. चेंबूरच्या ना. ग. आचार्य व दा. कृ. मराठे महाविद्यालयाने 2024 च्या शैक्षणिक वर्षासाठी हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बिल्ला इत्यादींना मनाई करणारा नियम केला. त्याविरुद्ध नऊ विद्यार्थिनींनी केलेली याचिका उच्च न्यायालयाने 26 जून 2024 रोजी, नियम सर्व धर्मांच्या विद्यार्थ्यांना सारखाच लागू असून तो शिस्तीसाठी आहे, या कारणाने फेटाळली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र 9 ऑगस्ट 2024 रोजी हिजाब, टोपी व बिल्ला यांपुरती त्या नियमाला अंतरिम स्थगिती दिली, वर्गात बुरखा घालण्यास मुभा दिली नाही आणि धर्म उघड होऊ नये हाच हेतू असेल तर नावांवरूनही तो कळतोच, याकडे सुनावणीत लक्ष वेधले.

कायद्याचा पेच : या खटल्यांत ‘अत्यावश्यक धर्माचरण’ ही कसोटी लावली जाते, म्हणजे जी प्रथा काढून टाकली असता धर्माचे स्वरूपच बदलेल, तिलाच संविधानाच्या 25 व्या अनुच्छेदाचे संरक्षण मिळते. शिरूर मठाच्या खटल्यापासून (1954) ही विचारसरणी विकसित झाली. तिच्या आधारे कर्नाटक उच्च न्यायालयाने 15 मार्च 2022 रोजी हिजाब अत्यावश्यक नाही असे ठरवून राज्याचा गणवेशविषयक आदेश कायम केला. त्यावरील अपिलात सर्वोच्च न्यायालयात 13 ऑक्टोबर 2022 रोजी न्या. हेमंत गुप्ता यांनी बंदी ग्राह्य मानली, तर न्या. सुधांशू धुलिया यांनी हा निवडीचा प्रश्न असल्याचे सांगून मुलीच्या शिक्षणाला अग्रक्रम दिला, आणि मतभेदामुळे प्रश्न मोठ्या खंडपीठासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवण्यात आला.

राजकारण व सुधारणा : श्रीलंकेने 2019 च्या बॉम्बस्फोटांनंतर चेहरा झाकण्यास मनाई केली, तेव्हा शिवसेनेचे मुखपत्र असलेल्या ‘सामना’च्या अग्रलेखाने भारतातही तशी बंदी मागितली. जानेवारी 2025 मध्ये मंत्री नितेश राणे यांनी दहावी-बारावीच्या परीक्षा केंद्रांवर बुरख्याला परवानगी देऊ नये, अशी मागणी शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांच्याकडे पत्राने केली. याहून वेगळी आणि जुनी परंपरा समाजांतर्गत सुधारणेची आहे. हमीद दलवाई यांनी 18 एप्रिल 1966 रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला आणि 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व यांविरुद्धच्या या लढ्याच्या केंद्रस्थानी स्त्रीचा कायदेशीर हक्क होता.

अन्यत्र : फ्रान्सने 2004 मध्ये सरकारी शाळांत ठळक धर्मचिन्हांना आणि 2010 च्या कायद्याने सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्यास मनाई केली, युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2014 मध्ये ही दुसरी बंदी वैध ठरवली. इराणमध्ये 1936 साली रझाशहाने पडदा सक्तीने उतरवायला लावला, तर 1979 च्या क्रांतीनंतरच्या राजवटीने तो सक्तीने घालायला लावला. सक्तीची दिशा बदलली तरी शिक्षा भोगणारी स्त्री तीच राहिली.

मूल्यमापन : बंदीच्या बाजूने ओळख, सुरक्षितता, समान गणवेश आणि स्त्रीमुक्ती ही कारणे दिली जातात, विरोधी बाजू धर्मस्वातंत्र्य, खासगीपणा व शिक्षणाचा हक्क यांवर बोट ठेवते. घरच्या वा जमातीच्या दडपणामुळे अनेक मुली बुरखा घालतात, हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून त्याच मुलीला प्रवेशद्वारातून परत पाठवणे म्हणजे तिच्या सुटकेचा एकमेव रस्ता बंद करणे होय. ओळख पटवण्यासाठी महिला कर्मचाऱ्याने बाजूला नेऊन चेहरा पाहणे पुरेसे असते, आणि चेहरा उघडा ठेवणाऱ्या हिजाबाला तर ते कारणही लागू पडत नाही. म्हणून घालण्याची सक्ती आणि काढण्याची सक्ती या दोन्ही त्याज्य मानून, मुलगी वर्गात टिकून राहील असाच नियम करणे, हे शासनाचे व शिक्षणसंस्थांचे कर्तव्य ठरते.