कलणं आणि कलंडणं

शेअर बाजार असो की निवडणूक, बातमीत ‘टिपिंग पॉइंट’ दिसला की आता काहीतरी झकास घडणार असं वाटायला लागतं. हे शब्द नावारूपाला आले ते शिकागोत, आणि तिथली हकिगत झकास नाही.

ऑक्टोबर १९५७ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये शिकागो विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ मॉर्टन ग्रॉडझिन्स यांनी महानगरांतल्या वर्णभेदावर लिहिलं. गोऱ्यांच्या वस्तीत पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब येतं, मग दुसरं. शेजारी कुरकुरतात, पण राहतात. पुढे एक प्रमाण ओलांडलं गेलं की मात्र भराभर घरं विकून निघतात. ते प्रमाण म्हणजे ‘टिप पॉइंट’. वस्तीवस्तीत ते निराळं. दलालांना ते नेमकं कळायचं: घाबरलेल्या गोऱ्याकडून पडत्या भावात घर घ्यायचं, कृष्णवर्णीयाला चढ्या भावात विकायचं.

अर्थतज्ज्ञ टॉमस शेलिंग यांनी हेच नाण्यांवर करून दाखवलं. घरी करून बघण्यासारखं आहे. बुद्धिबळाचा पट घ्या, चार कोपरे सोडून ६० घरांत दोन प्रकारची नाणी आलटूनपालटून मांडा. त्यातली कुठलीही २० उचला, ५ वाटेल तिथे ठेवा. एका प्रकाराला निम्मे शेजारी आपल्यातले हवेत, दुसऱ्याला एक तृतीयांश पुरतात. असमाधानी नाणं रिकाम्या घरात हलवत राहा. थोड्याच वेळात पटावर वेगवेगळे मोहल्ले उभे राहतात. आणि दुसरा अजिबातच नको, असं एकाही नाण्याचं म्हणणं नव्हतं!

मग आले पत्रकार माल्कम ग्लॅडवेल. १९९६ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये लेख, २००० मध्ये पुस्तक. घटती गुन्हेगारी, पुन्हा चालू लागलेले जुने बूट, सगळ्याला तोच शब्द. तिथून तो जाहिरातवाल्यांच्या तोंडी बसला आणि गोऱ्यांची ती रिकामी होणारी वस्ती मागे पडली. ध्रुवावरच्या बर्फाबद्दल बोलणारे शास्त्रज्ञ तेवढे तो अजून भीतीनेच वापरतात.

मराठीत आपण त्याचं ‘निर्णायक वळण’ करतो. ते चूक आहे. वळणावर गाडीवानाच्या हातात कासरा असतो. आपल्याकडे नेमका शब्द स्वयंपाकघरात पडून आहे. कळशी कलली तर हात लावून सरळ करता येते. कलंडली की पाणी गेलं. ‘टिपिंग पॉइंट’ म्हणजे कलंडण्याची घडी.