आंस, जूं आणि बैलाचा खांदा



अहमदनगर म्हटलें कीं निजामशाही, भुईकोट किल्ला आणि चांदबिबी हीं नांवें आपणांस आठवतात. २०२४ सालीं या जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें, तरी या आठवणी जुन्याच राहिल्या. परंतु ज्या बैलगाडीनें या जिल्ह्याचें धान्य, गूळ आणि ऊंस वाहिला, तिच्या इतिहासाकडे कोणी फारसें वळून पाहत नाहीं. त्या इतिहासांतील एक लहानसा प्रश्न आज मी आपणांपुढें मांडणार आहें. दोन वस्तू जेथें एकमेकींस टेकतात आणि घासतात, तेथें मध्यें काय घालावें, आणि मध्यें घातलेली वस्तूच झिजली तर काय होतें, असा तो प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दख्खनच्या पठारावरील माल मुख्यतः बैलांच्या पाठीवरून जात असे. वंजारी-लमाणांचे तांडे गोण्या लादून घाट उतरत. गाड्या थोड्या होत्या; त्यांचीं चाकें भरीव, कोठें कोठें तर दगडाचीं, आणि त्या ओढावयास अनेक बैल लागत. १८३५ सालीं गोल्डस्मिड यांनीं इंदापूर तालुक्यांत जमिनीची नवी मोजणी सुरू केली. त्याच मोजणीखात्यांतील लेफ्टनंट गेसफर्ड यांनीं १८३६ च्या सुमारास हलक्या, सुधारलेल्या गाडीचा नमुना बसविला आणि टेंभुर्णीस तिचा कारखाना घातला. टेंभुर्णी सोलापूर जिल्ह्यांत, म्हणजे आमच्या दक्षिणेस. पुढें रस्ते वाढले तसतशी आरे असलेल्या चाकांची हलकी गाडी पठारावर सर्वत्र दिसूं लागली.

या गाडीची खुबी तिच्या तुंब्यांत आहे. लोखंडी आंस लांकडी तुंब्यांत तसाच फिरूं दिला, तर थोड्याच दिवसांत लांकूड खाऊन टाकील. म्हणून तुंब्यांत एक लोखंडी नळी ठोकून बसवितात. कांहीं गांवीं तिला आंवण म्हणतात. झिजावयाचें तें या नळीनें झिजावें, चाक आणि आंस वाचावे, अशी ही योजना. परंतु तिच्यावर पहारा लागतो. वंगण सुकलें, आंत धूळ गेली, कीं नळी एका अंगानें झिजते. मग चाक हेलकावे खाऊं लागतें. वरून सारें ठीक दिसतें. खरा बिघाड आंत लपलेला असतो.

आणि त्या हेलकाव्याचा धक्का जातो कोठें? तो दांडीवाटे पुढें जातो व जुंवाखालीं बैलाच्या मानेवर आदळतो. आंसाला लोखंडाची नळी मिळाली, पण मानेला काय मिळालें? वशिंडापुढच्या कातड्यावर लांकडाचा एक दांडा टेकलेला. सारा ओढ त्याच अरुंद पट्ट्यावर, आणि ओझें पुढें लादलें तर त्याचा भारही तेथेंच. कातडें आधीं तापतें, मग सुजतें, मग सोलवटतें. शेतकरी म्हणतो, बैलाचा खांदा आला.

हें मीं पुस्तकांत वाचलेलें नाहीं. माझें बालपण प्रवरेच्या कांठीं गेलें. उंसाच्या हंगामांत चाकांना वंगण देण्याचें काम वडिलांनीं माझ्याकडे दिलें होतें. एका संध्याकाळीं खेळाच्या नादांत मीं तें केलें नाहीं, आणि विचारल्यावर मात्र केलें म्हणून सांगितलें. पुढेंही दोनतीन दिवस तीच टाळाटाळ झाली. उजवें चाक कुरकुरूं लागलें, डगमगूं लागलें, आणि आठवड्याच्या आंत आमच्या सर्जाचा खांदा फुटला. वडील मला एक शब्दही बोलले नाहींत. त्यांनीं सर्जाला सोडून दावणीला बांधलें आणि शेजाऱ्याकडे बैल मागावयास गेले. ती मान मीं रोज हळदतेलानें शेकीत असें. सर्जा माझ्या हाताखालीं थरथरे, पण मान काढून घेत नसे. पुढें शाळेंत मीं अनेक वर्षें मुलांना घर्षण शिकविलें. प्रत्येक वेळीं मला ती मान आठवे.

आतां पुढचा इतिहास पाहा. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि लांबच्या पल्ल्याचा माल आगगाडीनें घेतला. बैलगाडी स्टेशनापर्यंतची सोबतीण झाली. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, प्रवरेच्या कालव्यांवर ऊंस वाढला. १९५० मध्यें प्रवरानगरचा सहकारी कारखाना गाळप करूं लागला. उंसाबरोबर ओझें वाढलें, आणि रबरी धावेची, छर्ऱ्यांच्या बेअरिंगची टायरगाडी आली. धाव सुधारली, आंस सुधारला, रस्त्याचे धक्के कमी झाले. परंतु गाडी हलकी चालते म्हणून माणसानें तिच्यावर अधिक लादलें. जूं मात्र बहुतेक गाड्यांवर आजोबांच्या वेळचें तसेंच राहिलें.

१९६५ सालीं ओझ्याच्या जनावरांसाठीं केंद्र सरकारनें नियम केले. बेअरिंग व रबरी धाव आहे कीं नाहीं हें पाहून भाराच्या वेगवेगळ्या मर्यादा घातल्या, आणि दिवसांत नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये असेंही सांगितलें. बंगळूरचे प्रा. एन. एस. रामस्वामी यांनीं १९७० नंतर बैलगाडीचा अभ्यास करून जुंवाच्या दोषाकडे देशाचें लक्ष वेधलें. आपण म्हणाल, जुंवाखालीं गादी बांधावी. अवश्य बांधावी. परंतु गादीचेंही नळीसारखेंच आहे. ती सरकते, घामानें भिजून वाळली कीं कडक होते, तिच्याखालीं खडा किंवा कुसळ शिरलें तर उघड्या लांकडाहून अधिक घाव करते. मध्यें वस्तू घातली म्हणजे काम संपलें असें नव्हे. ती रोज सोडून, उलटी करून, हात फिरवून पाहावी लागते.

हें आपल्या पूर्वजांस कळत होतें असें मला वाटतें. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळीं आमच्याकडे खांदेमळणी असते. बैलांच्या खांद्यांना हळद व लोणी चोळतात आणि दुसऱ्या दिवशीं जेवावयास येण्याचें आवतण त्यांना देतात. शहरांत राहणाऱ्या आपणांस तो निव्वळ सोहळा वाटेल. पण त्या निमित्तानें वर्षांतून एकदां तरी धनी आपल्या हातानें बैलाचा खांदा चांचपतो, आणि वर्षभर तेथें काय झालें तें त्याच्या बोटांना कळतें. हंगामांत आजही पाथर्डी-शेवगांवकडून कारखान्यांकडे निघालेल्या बैलगाड्या आपणांस वाटेंत भेटतील. त्यांचीं चाकें कुरकुरत नाहींत. पण एकदां जुंवाखालींही पाहावें.