एकतीस मिनिटांची परीक्षा : आयन इंजिनाची जन्मकथा

१/९
२० जुलै १९६४. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील वॉलॉप्स बेटावरून एक छोटे स्काउट रॉकेट झेपावले. त्यावरील ‘सर्ट-१’ हे यान पृथ्वीप्रदक्षिणा करणार नव्हते; तासाभराच्या आत ते खाली कोसळणार होते. तेवढ्या अवधीत त्याला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे होते : विजेवर चालणारे रॉकेट अवकाशात खरोखर चालते का?

२/९
कल्पना जुनी होती. रॉबर्ट गोडार्ड यांनी १९०६ मध्येच आपल्या टिपणवहीत तिचा विचार केला होता. हर्मान ओबर्थ यांनी १९२९ च्या ग्रंथात तिला स्वतंत्र प्रकरण दिले. रासायनिक रॉकेटातून वायू बाहेर पडण्याचा वेग ज्वलनाच्या ऊर्जेने मर्यादित होतो. विद्युतभारित कणांना विजेने वेग दिला, तर तो कित्येक पटींनी वाढवता येतो आणि इंधन अत्यल्प लागते.

३/९
ही कल्पना यंत्रात उतरवली हॅरॉल्ड कॉफमन यांनी, क्लीव्हलँड येथील नासाच्या लुईस केंद्रात. एका नळकांड्यात पाऱ्याची वाफ सोडायची. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात घोळवत ठेवायचे. ते पाऱ्याच्या अणूंवर आदळले की प्लाझ्मा तयार होतो. त्यातील धनभारित आयन, उच्च दाबाची वीज दिलेल्या दोन सच्छिद्र जाळ्यांमधून वेगाने बाहेर पडतात. हाच इंजिनाचा रेटा.

४/९
खरी मेख पुढे होती. यानातून केवळ धनभार बाहेर पडत राहिला, तर यान ऋणभारित होणार आणि सोडलेल्या आयनांनाच माघारी खेचणार. मग रेटा कुठला? उपाय म्हणून झोताच्या तोंडाशी इलेक्ट्रॉन सोडणारी तार बसवण्यात आली. पण ते इलेक्ट्रॉन झोतात नीट मिसळतील का, याविषयी जाणकारांनाही शंका होती.

५/९
ही शंका जमिनीवर फिटण्यासारखी नव्हती. निर्वात टाकीत झोत धातूच्या भिंतीवर आदळतो, भिंतीतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि झोत आपसूकच उदासीन होतो. प्रयोगशाळेतले यश इंजिनाचे की भिंतीचे, हे सांगणार कोण? भिंत नसलेली जागा एकच : अवकाश.

६/९
सर्ट-१ वर दोन इंजिने होती. सिझियमचे इंजिन उच्च दाबाच्या विद्युतप्रवाहात शॉर्ट सर्किट झाल्याने सुरूच झाले नाही. सारी भिस्त आता कॉफमन यांच्या पाऱ्याच्या इंजिनावर. ते सुरू झाले आणि एकूण ३१ मिनिटे चालले.

७/९
रेटा मोजण्याची युक्तीही सुंदर होती. यान स्वतःभोवती फिरत होते आणि इंजिने बाजूच्या बाहूंवर बसवलेली होती. इंजिन चालताच फिरण्याचा वेग बदलला; त्या बदलावरून रेट्याचा हिशेब निघाला. झोत उदासीन होत होता. आयन परतले नव्हते.

८/९
प्लाझ्माने मात्र दुसरे कोडे घातले. बाहेर पडणारा वेगवान आयन वाटेतल्या संथ अणूकडून इलेक्ट्रॉन हिरावून घेतो; मग तो संथ अणूच आयन बनून जाळीकडे ओढला जातो आणि तिला कुरतडतो. फेब्रुवारी १९७० मध्ये निघालेल्या सर्ट-२ चे एक इंजिन सुमारे पाच महिने, तर दुसरे सुमारे तीन महिने चालले. झिजेतून सुटलेल्या धातूमुळे दोन्हींच्या जाळ्यांत शॉर्ट सर्किट झाले. आयुष्य वाढवायचे, तर ही झीज समजून घेणे भाग होते.

९/९
ती समज पुढे फळाला आली. १९९८ मध्ये निघालेल्या ‘डीप स्पेस १’ चे झेनॉनवर चालणारे इंजिन १६,००० तासांहून अधिक चालले. त्याचा कमाल रेटा पृथ्वीवरील जेमतेम नऊ-दहा ग्रॅम वजनाइतका; पण तो महिनोन्महिने साठत गेला. २००७ मध्ये निघालेले ‘डॉन’ याच बळावर २०११ मध्ये वेस्टाभोवती आणि २०१५ मध्ये सेरेसभोवती स्थिरावले. पृथ्वीखेरीज दोन खगोलांच्या कक्षेत जाणारे ते पहिलेच यान. त्या साऱ्या प्रवासाची वाट १९६४ च्या ३१ मिनिटांनी मोकळी केली होती.