कुकीची जन्मकथा

हल्ली कुठलेही संकेतस्थळ उघडले की आधी 'कुकीज चालतील का?' असे विचारतात आणि आपण घाईघाईत 'हो'वर टिचकी मारून मोकळे होतो. मंडळी, ही कुकी मुळात आली कुठून? इतिहास शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे सनावळी शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही!

साल १९९४. अमेरिकेतल्या नेटस्केप कंपनीत लू मॉन्टुली नावाचा विशीतला तरुण ब्राउझर बनवण्याच्या कामात होता. तेव्हा संकेतस्थळांना स्मरणशक्तीच नव्हती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही पुन्हा अनोळखी. टोपलीत टाकलेली वस्तू पुढच्या पानावर गायब! अशाने दुकान चालायचे कसे? मॉन्टुलीने तोडगा काढला. दुकानाने गिऱ्हाइकाच्याच संगणकावर एक छोटीशी चिठ्ठी ठेवायची आणि गिऱ्हाईक परत आले की ती वाचायची. हीच कुकी. खरे तर प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकणे जास्त सोपे होते. पण त्या क्रमांकावरून माणसाचा माग सगळीकडे काढता आला असता, म्हणून त्याने ते मुद्दाम टाळले. ज्याची चिठ्ठी, त्यालाच ती वाचता येणार. वाण्याची उधारीची वही शिंप्याला दिसत नाही, तसेच.

पळवाट सापडली ती जाहिरातींतून. पान असते एखाद्या वर्तमानपत्राचे, पण त्यातले जाहिरातीचे चित्र येते तिसऱ्याच कंपनीकडून, आणि चित्राबरोबर तिचीही चिठ्ठी. हीच कंपनी हजारो संकेतस्थळांना चित्रे पुरवत असेल तर तुम्ही कुठे कुठे फिरलात ते सगळे तिला आपसूक कळते! फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळाने सांगून पाहिले, की अशा परक्या चिठ्ठ्या ब्राउझरने आपणहून घेऊ नयेत. मोठ्या ब्राउझरांनी ते मनावर घेतले नाही. (जाहिरातीचा पैसा कोणाला नको असतो?)

१९९९ मध्ये डबलक्लिक या जाहिरात कंपनीने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी विकत घेतली. तिच्याकडे टपालाने माल मागवणाऱ्या कोट्यवधी घरांच्या नोंदी होत्या, नावपत्त्यांसकट. बिननावाच्या चिठ्ठ्यांना ही नावे जोडायची असा बेत होता. फार मोठी ओरड झाली, सरकारी चौकशी लागली आणि मार्च २००० मध्ये खुद्द कंपनीच्या प्रमुखाने 'चूक झाली' म्हणत बेत बाजूला ठेवला.

२००८ मध्ये डबलक्लिक गूगलच्या मालकीची झाली. पुढे २०१६ मध्ये गूगलने आपल्या धोरणातले एक वाक्य बदलले, आणि या चिठ्ठ्यांची माहिती नावानिशी असलेल्या खात्याशी जोडण्याची वाट मोकळी झाली. जुन्या खातेदारांना संमती विचारली, नव्यांना ती आपोआप लागू. म्हणजे २००० साली गाडलेला बेत सोळा वर्षांनी उगवला, आणि या खेपेला त्या मानाने गलका फारच थोडा झाला. मला कुकीपेक्षा याचेच जास्त नवल वाटते.

असो. क्रोममधून परक्या चिठ्ठ्या हद्दपार करू असे गूगलने २०२० मध्ये जाहीर केले होते, २०२४ मध्ये तो विचार सोडून दिला. मात्र सेटिंगमध्ये जाऊन 'थर्ड पार्टी कुकीज' आपल्या आपण बंद करता येतात. मी केल्या आहेत. टोपलीतली वस्तू टोपलीतच राहते.