रात्री तीन वाजताचा आकडा

पाण्याचा स्मार्ट मीटर म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, "बिल किती वाढणार?" प्रश्न रास्तच आहे. पण पाणी तासातासाला मोजायची कल्पना बिलातून आलेली नाही. ती टंचाईतून आली, तीही दीडशे वर्षांपूर्वी.

1865 च्या दुष्काळात लिव्हरपूलचं चोवीस तासांचं पाणी बंद झालं आणि ठरावीक वेळेला नळ यायला लागले. (ओळखीचं वाटतंय ना?) शहराचे इंजिनिअर जॉर्ज डीकन यांनी 1873 मध्ये एक मीटर तयार केला. तो घराला नाही, अख्ख्या वस्तीच्या पाइपला बसायचा. घड्याळाच्या यंत्रावर फिरणारं एक नळकांडं, त्यावर गुंडाळलेला कागद आणि प्रवाहाबरोबर वरखाली होणारी पेन्सिल. कागद काढला की त्या वस्तीच्या दिवस-रात्रीचा आलेख हातात.

डीकनची नजर होती ती मध्यरात्रीनंतरच्या रेषेवर. लोक झोपलेले असतात, तेव्हा रेष तळाला जायला हवी. ती जात नसेल तर पाणी कुणी वापरत नाहीये, ते गळतंय. मग माणसं रात्री रस्त्यावर उतरायची, एकेका घराचा बाहेरचा कॉक बंद करायची, वेळ टिपून ठेवायची. ज्या वेळेला रेष धपकन खाली आली, ते घर गळकं! गळती दुरुस्त होत गेली आणि लिव्हरपूलला पुन्हा चोवीस तास पाणी मिळालं. घरोघरी मीटर न लावता, बरं का. पाणीपट्टी घराच्या किमतीवरच राहिली.

घराच्या आत काय चालतं हे कळायला आणखी सव्वाशे वर्षं गेली. अमेरिकेत 1999 च्या एका मोठ्या अभ्यासात 1188 घरांच्या मीटरवर दर 10 सेकंदांनी नोंद घेतली. फ्लश, वॉशिंग मशीन, शॉवर, प्रत्येकाचा प्रवाह वेगळा, जणू अंगठ्याचा ठसा. घरातलं सगळ्यात जास्त पाणी फ्लशमध्ये जात होतं, साधारण 27 टक्के. आणि गळतीत जवळपास 14 टक्के. आंघोळीला किती वेळ लावता यावरून घरात भांडणं होतात, इकडे फ्लशची टाकी गुपचूप झिरपत असते.

मात्र मीटर लिटर मोजतो, माणसं मोजत नाही. जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमधल्या फिरी वस्तीत प्रीपेड मीटर बसवले. महिन्याला 6000 लिटर फुकट, पुढे पैसे भरले नाहीत तर नळ बंद. हिशेब आठ माणसांचा, माणशी रोज 25 लिटर. प्रत्यक्षात काही आवारांत आठपेक्षा कितीतरी जास्त माणसं राहत होती. रहिवासी कोर्टात गेले. 2008 मध्ये हायकोर्टाने माणशी 50 लिटर द्या म्हणून सांगितलं, पण ऑक्टोबर 2009 मध्ये घटनात्मक न्यायालयाने निकाल महापालिकेच्या बाजूने दिला. आपल्याकडे शहरांसाठीचं सरकारी प्रमाण माणशी 135 लिटर आहे, हे जाता जाता.

आता पुण्याकडे या. समान पाणीपुरवठा योजनेत दुरून वाचता येणारे मीटर बसवायला लागले, विरोधही झाला. माझ्या मते विरोध करणारे चुकीच्या मुद्द्यावर भांडतात. जिथे चावीवाला येऊन दोन-चार तास पाणी सोडतो, तिथे सोसायटीच्या तोंडावरचा मीटर सांगतो तो टाकी भरण्याचा वेग. कोणी किती वापरलं हे त्याला दिसतच नाही. वर पाणी यायच्या आधी पाइपातली हवा बाहेर पडते, तिच्यानेही मीटर फिरतो. आणि रात्री तीन वाजता पाइपच कोरडा असेल तर डीकनची रेष काढणार कुठून? आधी दाब चोवीस तास हवा, मग मीटरला अर्थ.

कराडशेजारच्या मलकापूरने 2009 च्या सुमारास दोन्ही एकत्र केलं: चोवीस तास पाणी आणि घरोघरी असे मीटर. अशा ठिकाणीच रात्री तीन वाजताच्या आकड्याला अर्थ येतो.