मांडवांचा सण : शेतातील खोप आणि वाळवंटाची आठवण

तिश्री महिन्याच्या पंधराव्या तिथीस, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, यहुदी लोक घराबाहेर फांद्यांचा मांडव घालतात व सात दिवस त्यात जेवतात. हवा साथ देईल तेथे निजतातही. हिब्रूतील ‘सुक्कोथ’ या नावाला मराठी बायबलाने ‘मांडवांचा सण’ असा समर्पक शब्द योजिला आहे. मिसर देशातून सुटलेल्या पूर्वजांना परमेश्वराने मांडवांत राहविले, हे पुढील पिढ्यांना कळावे, असे या सणाचे कारण लेवीय ग्रंथाच्या २३ व्या अध्यायात दिले आहे.

या कारणापाशी वाचक अडखळतो. रानातून भटकणाऱ्यांची वस्ती तंबूंची, आणि अरण्यप्रवासाच्या कथेतही तंबूंचेच उल्लेख आहेत. हिरव्या फांद्यांचा मांडव वाळवंटात कोठून येणार? त्याचे स्थान शेतात. द्राक्षमळ्यातील राखणीची खोप यशया संदेष्ट्याच्या ओळखीची होती. निर्गम ग्रंथात हाच सण पिकाच्या संग्रहाचा आहे. अनुवाद ग्रंथात तो खळे व द्राक्षकुंड यांचे काम उरकल्यावर पाळावयाचा आहे. मूळ सण सुगीचा, आणि इतिहासाचा अर्थ त्यास मागाहून जोडला गेला, असे अनेक अभ्यासक मानतात. मलाही तेच पटते. खुद्द प्राचीन धर्मगुरूंनाही ही अडचण जाणवली असावी. अकिबा व एलिएझर यांच्यातील वाद प्रसिद्धच आहे : एकाच्या मते ते मांडव खरोखरीचे होते, दुसऱ्याच्या मते ती ईश्वरी तेजाच्या मेघांची छाया होती.

परंतु मागाहून जोडलेला अर्थ म्हणून तो कमी मोलाचा ठरत नाही. किंबहुना त्यानेच सण तारला. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्यांनी धाब्यांवर व अंगणांत मांडव घातले, असे नहेम्याच्या ग्रंथात वर्णन आहे. पुढे इ. स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. यज्ञवेदी गेली, कालांतराने बहुतेकांच्या शेतीवाडीचाही संबंध तुटला. मांडव मात्र कोठेही घालता येत होता. इ. स. १३२ ते १३५ च्या बंडाचा नायक बार कोखबा याचे एक पत्र मृत समुद्राजवळच्या गुहेत सापडले आहे. त्यात तो दोन गाढवे पाठवून सणासाठी खजुरीच्या फांद्या व महाळुंगाची फळे छावणीत आणवितो. रोमन सैन्य उरावर असताना सेनानीने ही चिंता वाहावी, यावरून सणाची पकड ध्यानात येते.

इ. स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेल्या ‘मिश्ना’ ग्रंथातील नियम वरवर किरकोळ वाटतात. मांडव वीस हातांहून उंच नसावा. आच्छादन भूमीतून उगवलेल्या वस्तूचे असावे. आत उन्हापेक्षा सावली अधिक पडावी. उंचीच्या मर्यादेवर पुढे तालमुदात चर्चा झाली. तीत एक मत असे, की माणसाने कायमचे घर सोडून तात्पुरत्या घरात यावे, आणि फार उंच बांधकाम तात्पुरते राहत नाही. मिश्नेचे आणखी एक सांगणे मला विशेष वाटते : या सात दिवसांत मांडव हे कायमचे घर व घर हे तात्पुरते समजावे. अर्थात हा कायदा निष्ठुर नाही. पानातील लापशी बिघडेल इतका पाऊस आला तर खुशाल घरात जावे. बाराव्या शतकात मैमोनिदीस याने सुबत्तेच्या दिवसांत हालाखीच्या दिवसांचे स्मरण, असा या आज्ञेचा अर्थ लाविला.

इतरत्र असा मांडव राहिला आणि शेत सुटले. आपल्या कोकणात मात्र उलटे घडले असावे. तेथील बेने इस्राएल शतकानुशतके खेड्यांत राहिले आणि आपले सण मराठी नावांनी पाळीत आले. तिश्री महिन्यातच त्यांचा ‘खिरीचा सण’ येई. हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या इतिहासात त्याची माहिती आहे. काही अभ्यासक त्याचा संबंध मांडवांच्या सणाशी जोडतात. तो खरा असेल, तर येथे मांडव गळून गेला आणि उरली ती नव्या पिकाची खीर. कोचीन व बगदाद येथील धर्मबांधवांशी संबंध वाढल्यावर सर्वसामान्य यहुदी रीती त्यांच्यात रूढ झाल्या, आणि आता मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगांच्या आवारांत तिश्रीत मांडव उभे राहतात.