गिअर लिव्हर (मोटरसायकल)
मोटरसायकलचा गिअर पायाने बदलण्याची दांडी. इंजिनातून बाहेर आलेल्या दातेरी शाफ्टवर ती एका बोल्टने आवळलेली असते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटरसायकलींना बंदी असल्याने लोणावळा-खंडाळ्याचे स्वार जुन्या महामार्गाने जातात. बोरघाटात गिअर वारंवार बदलावा लागतो आणि लिव्हरची कुरकुर तिथेच उघडी पडते.

बोल्ट ढिला राहिला की दाते झिजतात व लिव्हर नुसतीच फिरते. दाबल्यावर ती जागेवर परत येत नसेल, तर आतली स्प्रिंग तुटलेली असू शकते. न्यूट्रल सापडत नसेल, तर दोष बहुधा क्लचचा: केबल फार सैल असली की क्लच पूर्ण सुटत नाही. गॅरेजात मात्र आधी लिव्हरच ठोकली जाते.

पंजा-टाचेची दुहेरी लिव्हर चपला घालणाऱ्यांना सोयीची. दांडी पंजाने उचलावी लागत नाही. एकेरीत पायाला मोकळी जागा मिळते. बुटाच्या जाडीप्रमाणे लिव्हर एखादा दाता वर सरकवून बसवता येते. जुन्या बुलेटचे गिअर उजव्या पायाला होते. जावा-येझदीची एकच दांडी किक आणि गिअर, दोन्हींचे काम करी.